पीच कॉब्लर म्हणजे काय? अमेरिकेतला हा उन्हाळी गोड पदार्थ घरी कसा करायचा?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत जून-जुलै आला की घराघरांत एक पदार्थ हमखास होतो. खाली रसाळ, गरम पीच आणि वर सोनेरी, खुसखुशीत आवरण. हाच पीच कॉब्लर. तो पायपेक्षा सोपा, केकपेक्षा साधा आणि अंड्याशिवायही होतो. तरीही पहिल्यांदा करणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते : वरून छान भाजलेला दिसतो, पण आतून पीठ कच्चे आणि खाली नुसते पाणी. असे का होते, हे समजले की कॉब्लर सहसा बिघडत नाही.

कॉब्लर आला कुठून?

ब्रिटनमधून अमेरिकेत गेलेल्या वसाहतकऱ्यांना मायदेशातले पुडिंग आणि पाय हवे होते, पण हाताशी तशी साधने नव्हती. मग विस्तवावरच्या भांड्यात फळे शिजवायची आणि वर कणकेचे गोळे किंवा थर घालायचा, असा मार्ग निघाला. शिजल्यावर वरचा भाग ओबडधोबड, दगडी फरसबंदीसारखा दिसतो. त्यावरूनच ‘कॉब्लर’ हे नाव पडले, असे एक प्रचलित स्पष्टीकरण आहे.

पीच मूळचे चीनचे. स्पॅनिश लोकांनी ते १६व्या शतकात अमेरिकेत नेले. जॉर्जिया राज्याशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले ते १९व्या शतकाच्या उत्तरार्धात. मार्शलव्हिल इथले बागायतदार सॅम्युअल रम्फ यांनी १८७०च्या दशकात एक नवी जात वाढवली आणि तिला पत्नीचे ‘एल्बर्टा’ हे नाव दिले. हे फळ दूरच्या रेल्वे प्रवासातही टिकत असल्याने जॉर्जियाचे पीच न्यू यॉर्कच्या बाजारात पोहोचू लागले. आज जॉर्जियाला ‘पीच स्टेट’ म्हणतात, मात्र अमेरिकेत सर्वाधिक पीच कॅलिफोर्नियात पिकतात.

कॉब्लर, पाय आणि क्रिस्प यांत फरक काय?

पायमध्ये फळाच्या खालीही पोळीसारखा थर असतो. क्रिस्पमध्ये वर ओट्स, साखर आणि बटरचा चुरा असतो. कॉब्लरमध्ये खाली फक्त फळ आणि वर पिठाचे आवरण. त्याचेही दोन-तीन प्रकार आहेत. काही घरांत पायसारख्या पिठाच्या पट्ट्या घालतात. काही ठिकाणी भांड्यात बटर वितळवून त्यावर पातळ पीठ ओततात आणि वर पीच पसरतात. भाजताना पीठ फुगून फळाच्या वर येते. तिसरा प्रकार म्हणजे घट्ट पिठाचे चमच्याने सोडलेले गोळे. नवशिक्यांसाठी हाच सर्वांत सोपा.

साहित्य (६ जणांसाठी)

- पिकलेले पीच : १ किलो
- साखर : फळासाठी १०० ग्रॅम, पिठासाठी ५० ग्रॅम
- कॉर्नफ्लोअर : दीड मोठा चमचा
- लिंबाचा रस : १ मोठा चमचा
- दालचिनी पूड : अर्धा छोटा चमचा
- मैदा : १५० ग्रॅम
- बेकिंग पावडर : दीड छोटा चमचा
- मीठ : पाव छोटा चमचा
- थंडगार बटर : ७५ ग्रॅम
- थंड दूध : साधारण १०० मिली

कृती

१. ओव्हन १९० अंश सेल्सिअसवर तापवावा.

२. पिचांच्या तळाशी फुलीसारखी चीर द्यावी. उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावे. साल हाताने सुटते.

३. फोडी करून त्यात १०० ग्रॅम साखर, कॉर्नफ्लोअर, लिंबाचा रस आणि दालचिनी मिसळावी. बेकिंगच्या भांड्यात पसरून १० मिनिटे ओव्हनमध्ये ठेवावे.

४. तोवर मैदा, उरलेली साखर, बेकिंग पावडर, मीठ एकत्र करून बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळावेत. मिश्रण जाडसर रव्यासारखे झाले की दूध घालून जेमतेम एकत्र करावे. मळू नये.

५. गरम फळावर चमच्याने गोळे सोडावेत, मध्ये थोड्या फटी ठेवाव्यात. ३० ते ३५ मिनिटे भाजावे.

पाणी का सुटते, पीठ कच्चे का राहते?

साखर फळातले पाणी ओढून घेते. कॉर्नफ्लोअर ते पाणी धरून ठेवते, पण रस नीट उकळला तरच. त्यामुळे केवळ वरचा रंग पाहून कॉब्लर बाहेर काढू नये. फटींमधून, अगदी मधोमधही दाट बुडबुडे येताना दिसले पाहिजेत.

फळ गार असेल तर पिठाची खालची बाजू शिजायला वेळ लागतो आणि तोवर वरची बाजू करपते. म्हणूनच फळ आधी तापवायचे. थंड बटर ओव्हनमध्ये वितळताना त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि आवरण हलके होते. पीठ मळले तर ग्लुटेन वाढून ते चिवट होते.

भाजल्यावर अर्धा तास थांबणेही गरजेचे आहे. रस निवता निवता दाट होतो. मग कोमट कॉब्लरवर व्हॅनिला आइस्क्रीम घालून खावे.

आपल्याकडे पीच मिळतात का?

हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडमधले पीच उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या बाजारातही येतात. हिंदीत त्यांना आडू म्हणतात. कच्चे पीच थेट फ्रीजमध्ये ठेवू नयेत, गर पिठूळ होतो. कागदी पिशवीत एक-दोन दिवस पिकवावेत. देठाजवळ दाबल्यावर किंचित मऊ लागले आणि सुगंध आला की फळ तयार. फळ आंबट असेल तर साखर थोडी वाढवावी.

हे फळ थंडीवर का अवलंबून असते?

पीच उन्हाळ्याचे फळ असले, तरी त्याचे पीक हिवाळ्यात ठरते. झाडाला फुलण्यासाठी, जातीनुसार, साधारण ७ अंश सेल्सिअसखालच्या थंडीचे शेकडो तास लागतात. २०२३ मध्ये जॉर्जियात हिवाळा उबदार गेला, त्यानंतर मार्चमध्ये कडाक्याची थंडी पडली आणि राज्यातले ९० टक्क्यांहून अधिक पीक हातचे गेले. ज्या राज्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरही पीच दिसते, तिथे त्या उन्हाळ्यात स्थानिक फळ शोधावे लागले. कॉब्लर मात्र डब्यातल्या किंवा फ्रोझन पिचांचाही होतो. डब्यातले वापरताना पाक गाळून टाकावा आणि साखर निम्मी करावी.