चातुर्मासाचा नेम, कोयलीची रात्रपाळी

जानेवारीत सोडलेली साखर संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर परत येते, हे आमच्या जवाहरनगरात दरवर्षीचंच. आजीने आषाढीला सोडलेला कांदा मात्र कार्तिकीपर्यंत तिच्या ताटात येत नसे. तिची जिद्द आमच्याहून मोठी होती असं मला वाटत नाही. तिच्या पाठीशी सगळं बडोदं होतं.

१७३४ मध्ये बडोदं गायकवाडांकडे आलं आणि मराठी कुटुंबांबरोबर त्यांचा चातुर्मासही इथे रुजला. शेजारही तसाच मिळाला. जैनांचं चोमासं होतं, आषाढात पाच दिवस अळणी जेवणाऱ्या गुजराती मुलींचं गौरीव्रत होतं. विठ्ठलनाथाचा वरघोडा देवपोढीला म्हणजे आषाढी एकादशीला निघतो, तसाच देवउठीला म्हणजे कार्तिकीलाही. नेम कधी धरायचा आणि कधी सोडायचा, हे शहराला वेगळं सांगावं लागत नाही.

नेमांची परंपरा जुनी. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी'त एक अख्खा खंड व्रतांना दिला. आमच्या घरी ठरलेलं असे : श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही, कार्तिकात डाळी-कडधान्यं नाहीत. पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो, हे आयुर्वेदाचं म्हणणंही आजी पुढे करी. कुणी धारणं-पारणं करी, कुणी पत्रावळीवरच जेवी. आजी एकवाढी जेवायची. जे हवं ते एकदाच वाढून घ्यायचं. भात, आमटी, दोन पोळ्या घेऊन ती बसे. नंतर आईने तव्यावरची फुगलेली पोळी आणली तरी ताटावर हात आडवा. किती खायचं ते भूक भडकण्याआधीच ठरलेलं असे. आणि सोडण्याआधी हौस भागवायलाही तिथी होती. कांदेनवमीला भजी, थालीपीठ, झुणका, सगळं कांद्याचं.

१९६५ मध्ये सोव्हिएत मदतीने उभारलेली बडोद्याजवळच्या कोयलीची रिफायनरी सुरू झाली. पुढे बाबा तिथे शिफ्टला लागले. रात्रपाळीत तिथी-वार कुठले पाळायचे? तरी नेम टिकला, कारण सोबतचे तो पाळू देत. पाळी सुटल्यावर मंडळी लसणीच्या तर्रीची सेव-उसळ खायला निघाली की कुणीतरी गुजराती सहकारी आधीच म्हणे, "तमारे तो चोमासुं ने?" आणि बाबांसाठी नुसता चहा मागवला जाई.

या परंपरेचं सगळंच गोड नव्हतं. विधवांवर एकवेळचं जेवण लादलं जाई. त्याला नेम म्हणणं हा ढोंगीपणाच. आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याचे लाडू यांनी 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण खरी करून दाखवली. आजीचा हेतूही पुण्याचा होता, वजनाचा नव्हे.

पण रचना पक्की होती. 'आता नीट खायचं' असा मोघम संकल्प तिने कधी केला नाही. सोडायची वस्तू नेमकी, मुदत ठरलेली, आणि शेवटी उद्यापन. मुख्य म्हणजे दहाजणांना माहीत असलेला नेम मोडायला दहाजणांची नजर चुकवावी लागते. रक्तातली साखर वाढल्यावर मी डाएटचा कागद कपाटात ठेवला आणि एकवाढी धरली, तीही आषाढीपासून कार्तिकीपर्यंत, शेजारणींना सांगून. पहिल्याच आठवड्यात समोरच्या बेननी शिऱ्याची वाटी परत नेली.