एक ताट जास्तीचं

पोलंडमध्ये २४ डिसेंबरच्या संध्याकाळी पोरं खिडकीशी बसतात. पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवण नाही! ही 'विगिलिया'. टेबलक्लॉथखाली थोडं वाळलं गवत. आधी 'ओप्वातेक' ही कागदासारखी पातळ पापडी एकमेकांची मोडून खायची, मग बीटाचं आंबूस सार आणि कार्प मासा. मटण-चिकन नाही. चर्चने २००३ मध्ये सक्ती काढली, तरी लोक पाळतातच (आपली एकादशी आठवा).

आणि एक ताट जास्तीचं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी.

त्या ताटावर मी अडकतो ते कोल्हापूरजवळच्या वळिवड्यामुळे. १९४३ ते १९४८ तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने घरांतून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात टाकलेली माणसं, बहुतेक बायका-मुलं. कुणाचा बाप लढाईवर, कुणाचा बेपत्ता. वळिवड्यात ते ताट पाहुण्यासाठी मांडलं जात असेल, असं मला तरी वाटत नाही.