हौशी मोटारस्पर्धा : प्रगती मोजायची कशी?

वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. २००१ मध्ये शेंद्रा येथे स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. वाहननिर्मितीचे केंद्र म्हणून छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीचे औरंगाबाद) ओळख अशी पक्की झाली. मात्र शर्यतींसाठी बांधलेले देशातील प्रमुख मार्ग येथून दूर आहेत. चेन्नईजवळील मार्ग सुमारे ३.७ किलोमीटरचा, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, तर ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किट ५.१ किलोमीटरचे. साहजिकच येथील हौशी चालकाच्या वाट्याला वर्षाकाठी मोजक्याच स्पर्धा येतात. टायर, इंधन आणि प्रवास यांवर खिसा रिकामा केल्यावर आपण खरोखर सुधारलो की नाही, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने करंडकापेक्षा मोठा असतो.

क्रमांक हे मोजमाप फसवे आहे. प्रतिस्पर्धी दुबळे असले की तो आपोआप वर सरकतो. निव्वळ वेळही पुरेशी नाही. मातीच्या मार्गावर पाऊस पडून गेला की मराठवाड्याची काळी माती चिकट होते. मे महिन्यातील चाळीस अंशांच्या उष्णतेत हवा विरळ होऊन इंजिनाची ताकद घटते. अशा दोन दिवसांच्या वेळांची थेट तुलना व्यर्थ होय.

त्यावर सोपा उपाय म्हणजे आपल्याच गटातील सर्वोत्तम वेळेशी टक्केवारीने तुलना करणे. समजा, पहिल्या स्पर्धेत विजेत्याला ८० सेकंद लागले आणि नवख्याला ९२. म्हणजे फरक १५ टक्के. पुढच्या खेपेस मार्ग ओला असल्याने विजेत्याला ८८, तर नवख्याला ९६.८ सेकंद लागले. त्याची वेळ जवळजवळ पाच सेकंदांनी वाढली, पण फरक १० टक्क्यांवर आला. चालक सुधारला आहे. अर्थात विजेता त्याच तोडीचा असायला हवा. म्हणून एकाऐवजी पहिल्या तिघांची सरासरी धरणे अधिक बरे. फॉर्म्युला वनमध्येही १९९६ साली पात्रता फेरीसाठी सर्वोत्तम वेळेच्या १०७ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली होती. मधल्या काळात रद्द झालेला हा नियम २०११ मध्ये पुन्हा लागू झाला.

दुसरी कसोटी सातत्याची. एखादी फेरी नशिबाने साधते. सलग फेऱ्यांतील सर्वांत जलद आणि सर्वांत संथ वेळेतील अंतर कमी होत जाणे, हे हात बसल्याचे लक्षण. ऑटोक्रॉसमध्ये पाडलेल्या शंकूंचा दंड वेगळा लिहून ठेवावा, कारण तो वेळेत मिसळला की वेग कमी पडला की अचूकता, हे कळेनासे होते. ‘टीएसडी’ रॅलीत हिशेब आणखी स्वच्छ असतो. तेथे ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचले तरी दंड, उशिरा पोहोचले तरी दंड. त्यामुळे तुलना प्रतिस्पर्ध्याशी नव्हे, घड्याळाशीच होते.

आता मोबाइल फोनमधील जीपीएसवरही फेरीची नोंद ठेवता येते. मात्र अशा साध्या उपकरणावर दशांश सेकंदाचा फरक फारसा विश्वासार्ह नसतो. वहीत तारीख, हवामान, टायरची अवस्था आणि गाडीत केलेले बदल यांची नोंद हवीच. नवे टायर बसवलेल्या दिवशी कमी झालेले दोन सेकंद बहुधा टायरचेच असतात.