बॅरी
वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बंदर व पर्यटनस्थळ. हे ब्रिस्टल खाडीवर, कार्डिफच्या नैर्ऋत्येस वसले आहे. कार्डिफ बंदरातील कोंडी व जाचक दर यांना कंटाळलेल्या खाणमालकांनी डेव्हिड डेव्हिस यांच्या पुढाकाराने येथे स्वतःची गोदी व लोहमार्ग उभारले. गोदी १८८९ मध्ये खुली झाली. १९१३ मध्ये येथून १·१ कोटी टन कोळसा निर्यात झाला आणि बॅरी जगातील अग्रगण्य कोळसा-बंदर ठरले. पुढे हा व्यापार ओसरला. येथील वुडहॅम बंधूंच्या भंगार आवारात मोडीत निघालेली, गंज चढलेली २१३ वाफेची एंजिने रेल्वेप्रेमींनी विकत घेऊन वाचविली. गोदीच्या बांधकामाने मुख्य भूमीला जोडले गेलेले बॅरी बेट तेथील वाळूच्या पुळणीमुळे प्रसिद्ध आहे. गोदी कार्यालयासमोर डेव्हिस यांचा पुतळा आहे.