झारखंड पक्ष : विलय आणि वारसा

छोटा नागपूर व संथाळ परगणा ही मुंडा, उराव, हो, संथाळ आदी आदिवासी समाजांची प्राचीन वसतिस्थाने. जमिनीवरील हक्क हिरावले जाऊ लागले तेव्हा १८९९-१९०० मध्ये बिरसा मुंडा यांच्या नेतृत्वाखाली तेथे उठाव झाला. १९०८ च्या छोटा नागपूर कुळकायद्याने आदिवासींच्या जमिनीला काहीसे संरक्षण मिळाले. परंतु सत्तेत वाटा मिळाला नाही. ती उणीव भरून काढण्याचा संघटित प्रयत्न म्हणजे आदिवासी महासभा होय.

१९३९ मध्ये महासभेचे अध्यक्षपद जयपालसिंह मुंडा यांच्याकडे आले. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले जयपालसिंह १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमधील भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते. पुढे संविधान सभेत त्यांनी आदिवासींची बाजू निर्भीडपणे मांडली. १९५० मध्ये महासभेचे रूपांतर झारखंड पक्षात झाले व त्याची दारे बिगर-आदिवासींनाही खुली करण्यात आली. १९५२ च्या निवडणुकीत बिहार विधानसभेच्या ३२ जागा जिंकून तो प्रमुख विरोधी पक्ष ठरला.

मागणी एकच होती : स्वतंत्र झारखंड राज्य. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये ती अमान्य केली. त्या प्रदेशात आदिवासी अल्पसंख्य आहेत, पक्षाला तेथे स्पष्ट बहुमत नाही, आणि विभाजनाने उर्वरित बिहारची आर्थिक घडी विस्कटेल, अशी कारणे देण्यात आली. याच आयोगाने बेळगाव कर्नाटकाकडे दिल्यामुळे सीमाभागातील वाचकांना त्या अहवालाची वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही.

या नकारानंतर पक्षाला उतरती कळा लागली. १९६२ मध्ये जागा २० वर आल्या आणि १९६३ मध्ये जयपालसिंहांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. सत्तेच्या आत शिरून राज्य मिळवता येईल, ही अपेक्षा फोल ठरली. अनेक अनुयायांना हा विश्वासघात वाटला. एका नेत्याच्या शब्दावर उभा राहिलेला पक्ष त्याच्याच निर्णयाने मावळला. १९७० मध्ये जयपालसिंहांचे निधन झाले.

मागणी मात्र मावळली नाही. सत्तरच्या दशकात झारखंड मुक्ती मोर्चाने ती पुन्हा उचलली. अखेर १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसा मुंडा यांच्या जयंतीदिनी, बिहारचे १८ जिल्हे मिळून झारखंड राज्य अस्तित्वात आले. बंगाल, ओरिसा व मध्य प्रदेशातील मागितलेला प्रदेश त्यात नव्हता. पक्षाचे आयुष्य अल्प ठरले. परंतु विखुरलेल्या जमातींना एका राजकीय नावाखाली उभे करण्याचे त्याचे कार्य त्याच्या पश्चातही टिकून राहिले.