कॉलेज कबड्डी : हंगामाआधी संघ कसा ओळखाल?

कॉलेज जूनमध्ये सुरू होतं, म्हणजे संघबांधणी भर पावसात. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीसाठी कसारा, शहापूर, मुरबाडकडच्या संघांचा अंदाज बांधताना ३ गोष्टी पाहा.

१. कोण गेलं? शेवटच्या वर्षाची मुलं बाहेर पडली की ७ जणांची घडी मोडते.

२. कोपरे कोण सांभाळतंय? चढाईपटू एकटा चमकू शकतो. पकडीला मात्र जोडीचा सराव लागतो. जुने कोपरारक्षक टिकले, तर बचाव टिकतो.

३. मॅट मिळाली का? घाटपायथ्याच्या पावसात मातीचं मैदान चिखल होतं. मॅटवर बूट घालून खेळायचं, त्यामुळे पाय वेगळा पडतो. ती सवय नसलेला चांगला संघही अडखळतो. बाद पद्धतीत एक हार म्हणजे वर्ष संपलं.