हमाल, मापारी आणि भुईकाटा

दिग्रस : यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस ही कापूस, सोयाबीन आणि तुरीची बाजारपेठ. अशा पेठेत शेतकरी, अडत्या व व्यापारी यांच्याखेरीज आणखी दोघे असतात. त्यांचा उल्लेख बाजारभावाच्या बातमीत कधी येत नाही. हमाल आणि मापारी. माल उतरविणे, पोती भरून शिवणे, थप्पी लावणे हे हमालाचे काम, तर वजन करून त्याची नोंद देणे हे मापाऱ्याचे. कृषी उत्पन्न पणनविषयक १९६३ च्या राज्य कायद्याखाली दोघांनाही बाजार समितीचा परवाना लागतो.

यंत्राची पहिली झळ मापाऱ्याला बसली. तराजू होता तोवर प्रत्येक पोत्यामागे त्याचा हात लागत असे. भुईकाट्यावर (विदर्भात धरमकाटा) गाडी एकदा भरलेली व एकदा रिकामी उभी केली, की दोन आकड्यांतील फरक हेच मालाचे वजन. सुटा येणारा कापूस तर थेट गाडीसह मोजला जातो. मग तोलाई कशासाठी आणि कोणी द्यायची, हा वाद राज्यभर निघाला. एप्रिल २०२४ मध्ये हमाली, तोलाई व वाराईच्या कपातीवरूनच नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव बंद पडले होते. न झालेल्या कामाचे पैसे पट्टीतून कापले जातात, ही शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे. परंतु परवान्यावर संसार उभा केलेल्या मापाऱ्याला पर्याय काय, याचे उत्तर कोणीच दिलेले नाही.

जिनिंगमध्ये बदल अधिक खोल गेला. पूर्वी कापूस टोपल्यांतून वाहणे व जिनमध्ये हाताने घालणे ही कामे मजूर, त्यातही बहुतांशी स्त्रिया, करीत; रुई पेटीत पायांनी तुडवून गाठ बांधली जाई. केंद्र सरकारने २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले व आधुनिकीकरणास अनुदान दिले. त्यानंतर हवेच्या झोताने कापूस नळीतून ओढणारी व १७० किलोची गाठ आपोआप दाबणारी यंत्रे पसरली. रुई स्वच्छ झाली, हे मान्य करावे लागेल. टोपल्या मात्र गेल्या.

मजुरी वाढली म्हणून यंत्र आले, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. जिनिंगचा हंगाम काही महिन्यांचा. उरलेला काळ यंत्र पडून राहते, कर्जाचे व्याज मात्र चालूच. उलट हमाल नगावर काम करतो, त्यामुळे मंदीच्या दिवसांत मालकाला त्याचे काहीच देणे नसते. याच कारणाने गोदामातील थप्पी आजही बव्हंशी माणसाच्या पाठीवरून लागते. सरकीचे पोते उचलणारा पट्टा विकत घेणे अवघड नाही, पण प्रत्येक गोदामात तो फिरविणे परवडत नाही.

या असुरक्षिततेवरच १९६९ च्या माथाडी कायद्याने उपाय शोधला. जेथे कायद्याची योजना लागू आहे तेथे मालक मजुरी व त्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांची सोय होते. लेव्ही मजुरीच्या टक्केवारीत असल्याने मालकाला माणूस महाग वाटतो. आणि काट्यामुळे वा पट्ट्यामुळे हमाली घटली की लेव्हीही घटते. मागे राहिलेल्या हमालाच्या खात्यात मग तेवढेच कमी जमा होते.